हे काढणार कधी?

"सिस्टर, हे काढणार कधी?"

पोर्टला पहिली सुई टोचायच्या आधीच पेशंट हा प्रश्न विचारतात. कॉलरच्या हाडाखाली, कातडीआड, दहाच्या नाण्याएवढा एक उंचवटा असतो. चार दिवसांपूर्वी तो बसवलेला असतो, टाके अजून ओले असतात, केमोचा पहिला थेंबही गेलेला नसतो, आणि माणूस विचारतो की हे निघणार कधी. तेवीस वर्षं मी पुण्यात डे-केअरमध्ये केमो देते आहे. दोनेक हजार वेळा तरी हा प्रश्न ऐकला असेन. उत्तर बहुतेक वेळा एकच दिलं : "आधी सुरू तर करू, मग बघू."

अण्णांनाही मी हेच उत्तर दिलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला असायचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हाच तो लिव्हरमध्ये उतरलेला होता. अशा पेशंटला दर चौदा दिवसांनी औषध देतात. पहिलं औषध डे-केअरमध्ये दोन-तीन तासांत जातं. त्यानंतर फ्लुरोयुरासिल नावाचं जुनं औषध, १९५७ पासूनचं, सलग शेहेचाळीस तास थेंबाथेंबाने जात राहतं. हाताच्या शिरा एवढं सोसत नाहीत, त्या करपतात. म्हणून पोर्ट. धातूची एक छोटी वाटी, तिच्या तोंडावर सिलिकॉनची जाड चकती, आणि वाटीतून निघालेली एक बारीक नळी. ही नळी मानेतल्या मोठ्या शिरेतून खाली उतरत हृदयाच्या तोंडाशी येऊन थांबते. तिथे रक्ताचा लोंढाच एवढा असतो की औषध पडताक्षणी विरून जातं. चकतीत टोचायची सुईसुद्धा वेगळी असते. तिचं टोक वाकवलेलं असतं, त्यामुळे ती सिलिकॉनचा तुकडा न कातरता आत जाते आणि बाहेर आल्यावर भोक आपोआप मिटतं. राल्फ ह्यूबर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याच्या नावाने ती ओळखली जाते. दात काढणाऱ्या माणसाची सुई आज जगभरच्या केमो वॉर्डांत चालते, याचं मला अजून नवल वाटतं.

शेहेचाळीस तासांची बाटली पेशंट घरी घेऊन जातात. बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढी पारदर्शक बाटली, आत औषधाने फुगवलेला फुगा. फुगा हळूहळू आक्रसतो आणि औषध पुढे ढकलतो. वीज नाही, सेल नाही. औषधाचा वेग ठरवणारा एक बारीक तुकडा नळीवर असतो, तो कातडीला चिकटवून ठेवावा लागतो. अंगाच्या उबेवर त्याचं गणित बसवलेलं असतं. अण्णा तो फुगा कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे आणि एसटीने सांगलीला परत जायचे. ही पिशवी आईने जुन्या पातळाची शिवली होती. शेजारी बसलेल्याने विचारलं तर सांगायचे, "औषध आहे, चालूच असतं ते."

आठव्या डोसनंतर त्यांनी मला विचारलं, "हे काढणार कधी गं?" मी ड्युटीवर होते. ट्रे लावता लावता म्हणाले, "बघू, स्कॅन होऊ दे." स्कॅनमध्ये काय दिसणार ते मला साधारण माहीत होतं. 'काढू' म्हणणं म्हणजे 'बरे झालात' म्हणणं, आणि 'नाही काढायचं' म्हणणं म्हणजे उरलेलं सगळंच सांगून टाकणं. मधलं काही मला सुचलं नाही. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तेव्हा ते भावाच्या हाताला लागलं. "ताई, हे काय?" त्याच्या तळहातावर करड्या राखेत माखलेली एक छोटी वाटी होती. सिलिकॉनची चकती जळून गेली होती, नळीचा मागमूस नव्हता. टायटॅनियमला चितेची आच पुरत नाही. फक्त रंग बदलला होता, काठावर निळसर-जांभळी झाक आली होती. हाडं एकीकडे, राख एकीकडे, आणि ही वाटी. कृष्णेत सोडायची की नाही, यावर दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग मी ती रुमालात बांधली.

तेव्हापासून पोर्ट काढायची केस असली की मी मागून घेते. काम लहान आहे, अर्ध्या-पाऊण तासाचं. पुष्कळ ठिकाणी ते दिवसाच्या शेवटी, ज्याला वेळ असेल त्याच्या गळ्यात टाकतात. घालायच्या वेळी सोनोग्राफीचं मशीन येतं, एक्स-रेचा पडदा येतो, मोठे डॉक्टर येतात. काढायच्या वेळी म्हणतात, "काय, ओढायचंच तर आहे."

ओढायचं असतं, पण कसं ते पाहा. आधी रक्ताचे रिपोर्ट : प्लेटलेट किती, रक्त गोठायला वेळ किती लागतो. मग जुन्या व्रणावरच भूल आणि तिथेच छेद. शरीराने एव्हाना पोर्टभोवती आपली पिशवी विणलेली असते. पांढरी, चिवट, फणसाच्या गऱ्याभोवतीच्या सालीसारखी. ती उघडायची, पोर्ट स्नायूला बांधणारे टाके शोधून कापायचे, मग नळी. नळी शिरेतून निसटते त्या क्षणी शिरेकडे जाणारी वाट उघडी असते. माणसाने तेव्हाच खोल श्वास आत ओढला, तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत जाऊ शकते, आणि ती थेट हृदयात. म्हणून टेबल डोक्याकडून खाली करायचं आणि पेशंटला सांगायचं, "श्वास सोडा, आणि तोंड मिटून कुंथल्यासारखं करा." मी त्यांच्या कानाशी उभी राहून हे सांगते, आधी दोनदा सराव करून घेते. त्याच वेळी डॉक्टर एका हाताने नळी काढतात आणि दुसऱ्या हाताची बोटं मानेपाशी, जिथे नळी शिरेत शिरली होती तिथे, दाबून धरतात. पाच-दहा मिनिटं, न उचलता.

मग नळी हिरव्या कापडावर सरळ करून मोजायची. ही पायरी लोक वगळतात आणि माझा सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. घालताना किती सेंटिमीटर घातली होती ते ऑपरेशनच्या नोंदीत असतं. निघाली तेवढीच निघाली का? टोक कारखान्यातून आलं तसं गोल आहे की फाटलेलं? एकदा मराठवाड्यातून एक बाई आमच्याकडे आल्या. पोर्ट दुसरीकडे काढलेला, कागदावर 'काढला' एवढंच लिहिलेलं. खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला तर हृदयाच्या उजव्या कप्प्यात नळीचा तुकडा. कॉलरचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यातून नळी जात असेल, तर हात हलेल तसतशी ती तिथे चेपत राहते आणि कधीतरी तुटते. बाहेर ओढलेली नळी अर्धी होती आणि ती कोणी मोजली नव्हती. जांघेतल्या शिरेतून तारेचा फास नेऊन आमच्या डॉक्टरांनी तो तुकडा पकडला आणि बाहेर काढला. बाई बऱ्या झाल्या. पण त्या विचारत होत्या, "मग तवा काय काढलं व्हतं?" याचं उत्तर मला देता आलं नाही. फूटपट्टी टेकवायला दहा सेकंद लागतात. मला त्या दहा सेकंदांचा राग येतो, अजून येतो.

आणि नळी येत नसेल तर ओढायची नाही. वर्षानुवर्षं राहिलेली नळी शिरेच्या भिंतीला कधीकधी धरून बसते. हाताला ताण लागला की थांबायचं, पडद्याखाली न्यायचं, आतून तार घालून बघायचं. जोर लावणारा हात मला या कामात नको वाटतो.

हे सगळं शिरेतल्या पोर्टचं. रोहिणीतला, म्हणजे धमनीतला, पोर्ट मी आयुष्यात एकदाच पाहिला.

ते काका जपानमध्ये वीस-बावीस वर्षं नोकरी करून निवृत्तीनंतर पुण्यात परतले होते. आजार अण्णांसारखाच, आतड्याचा, लिव्हरमध्ये गेलेला. पण तिथे त्यांना औषध वेगळ्या वाटेने दिलं होतं. आपल्या लिव्हरला दोन बाजूंनी रक्त मिळतं. तीन-चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, उरलेलं यकृताच्या रोहिणीतून. लिव्हर स्वतः मुख्यतः त्या शिरेवर जगतं, पण त्यातल्या गाठी जवळजवळ पूर्ण रोहिणीवर पोसल्या जातात, हे १९५४ साली दाखवलं गेलं. मग औषध रोहिणीतच सोडलं तर? गाठीला दाट मिळेल आणि उरलेल्या अंगाला विरळ. या विचारावर अमेरिकेत मिनेसोटात पोटाच्या कातडीखाली बसवायचा पंप बनला. लहान वाटीच्या तोंडाएवढा, आत फ्रिऑन नावाच्या द्रवाचा कप्पा. अंगाच्या उबेने त्या द्रवाची वाफ होते आणि तीच औषध ढकलते. ताप आला तर वेग वाढतो. औषध थांबलं तरी पंप रिकामा ठेवता येत नाही, नळी गोठून बसते. काहीतरी भरतच राहावं लागतं, नाहीतर काढावा तरी लागतो. दहनाआधी तर तो काढायलाच हवा, बंद डबीतला वायू आगीत फुटतो. हे मी वाचलं तेव्हा माझ्यासमोर भावाचा तळहात आला.

जपानमध्ये पंपाऐवजी पोर्ट रूढ झाला, आणि छाती न कापता, पोट न उघडता, नुसत्या सुईच्या वाटेने. यात तिथल्या क्ष-किरण तज्ज्ञांचं कसब फार मोठं. नळीचं टोक लिव्हरच्या रोहिणीत मोकळं सोडलं तर ते रक्ताच्या झोताने हलतं, निसटतं, रोहिणीच्या भिंतीवर घासून ती बंदही पाडतं. म्हणून ते टोक पुढच्या, जठराकडे जाणाऱ्या फाट्यात नेऊन तिथे धातूच्या बारीक वेटोळ्यांनी जाम करायचं, आणि नळीच्या बाजूला एक भोक असं पाडायचं की ते बरोबर लिव्हरच्या रोहिणीसमोर येईल. टोक बांधलेलं, तोंड कुशीला. जठराकडे औषध जायला नको म्हणून त्या बाजूच्या बारीक फांद्याही आधीच बंद करायच्या. नाहीतर जठरात अल्सर होतात. घालताना एवढा विचार. पण बांधलेलं टोक पुढे काढायचं कसं?

काकांचा पोर्ट उजव्या मांडीत होता. जांघेखाली चार बोटं. डिपार्टमेंटमध्ये नवीन असलेल्या आमच्या एका सिस्टरने सवयीने सुई टोचून रक्त ओढून बघायची तयारी केली होती, छातीतल्यासारखा पोर्ट समजून. काकांनीच तिचा हात धरला. "थांबा ताई, ही रोहिणी आहे." औषध बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. लिव्हरचा आजार आटोक्यात आलेला, मधे एक ऑपरेशनही झालेलं. पुण्यात आल्यावर पोर्ट धुवायचा, म्हणजे नळी गोठू नये म्हणून सुईने आतून साफ करायचा, राहिला, कारण धुणार कोण हेच कळेना. आता त्यावरची कातडी लाल होऊन ठणकत होती.

काकांनी कागदांची एक फाईल आणली होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात एकेक पान. सगळं जपानीत. पण ऑपरेशनच्या नोंदीत हाताने काढलेलं चित्र होतं : महारोहिणी, तिच्या फांद्या, नळी, वेटोळी, कुशीचं भोक, आणि प्रत्येकापुढे आकडे. डे-केअरच्या खिडकीपाशी बसून काकांनी ते मला वाचून दाखवलं आणि मी मराठीत उतरवून घेतलं. "कान-दोम्याकु म्हणजे यकृताची रोहिणी. 'दो' म्हणजे हलणं, 'म्याकु' म्हणजे नाडी. हलणारी नाडी. आणि शीर असते ती 'जोम्याकु'. 'जो' म्हणजे शांत. शांत नाडी." शाळेत आम्ही रोहिणी आणि नीला पाठ केल्या, एक हृदयाकडून नेते, एक हृदयाकडे आणते. पण एवढा फरक मला त्या दोन शब्दांनी शिकवला. शांत नाडीतून नळी काढताना आत हवा जायची भीती असते. हलणाऱ्या नाडीतून काढताना रक्त झोताने बाहेर येतं, आणि नळीवर चिकटलेली गुठळी सुटली तर झोताबरोबर पुढे जाते.

पुढे म्हणजे कुठे, हे नळी कुठून घातली त्यावर ठरतं. डॉक्टरांनी मला हे कागदावर काढून दाखवलं. काही पेशंटमध्ये नळी डाव्या खांद्यापाशी असलेल्या रोहिणीतून घालतात. सोय असते, पोर्ट छातीवर राहतो, चालताना मांडीला टोचत नाही. पण त्या वाटेवर मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचं तोंड लागतं. काढताना नळी त्या तोंडासमोरून मागे सरकते. तिच्यावर महिन्यांची गुठळी असेल आणि ती पुसली जाऊन त्या तोंडात गेली, तर पोर्ट निघेल आणि माणसाला अर्धांग होईल. काकांची नळी जांघेतून होती, म्हणजे गुठळी सुटली तर पायाकडे जाणार. तीही वाईटच, पण पायाची नाडी बोटाखाली सापडते.

आणखी एक पर्याय होता, न काढण्याचा. बंद पडलेली नळी त्रास देत नसेल तर ती तशीच राहू देणंही शहाणपणाचं असतं. काढण्याचा धोका ठेवण्यापेक्षा मोठा असेल तर कोणी हात लावू नये. डॉक्टरांनी ते काकांना मोकळेपणाने सांगितलं. पण जिथे पू धरला आहे ती नळी रोहिणीत ठेवता येत नाही, तीच वाट धरून जंतू रक्तात जातात. तेव्हा काढायचंच ठरलं. आधी अँटिबायोटिक. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रोहिण्यांचा स्कॅन : यकृताची रोहिणी नळीभोवती बंदच झाली होती, आणि लिव्हरने आजूबाजूच्या बारीक फांद्यांतून आपली सोय करून घेतली होती. शरीराची ही धडपड पडद्यावर पाहिली की मला हात जोडावेसे वाटतात. रोहिणीचं ऑपरेशन करणारे सर्जनही त्या दिवशी हाताशी बोलावून ठेवले. 'ओढायचंच तर आहे' असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

माझं काम सकाळी सुरू झालं. दोन्ही पावलांवरची नाडी शोधून तिथे मार्करने फुल्या मारल्या. उजवी, डावी, आणि दोन्हींचा जोर कागदावर. हे आधी करून ठेवावं लागतं. नंतर पाऊल गार लागलं आणि नाडी सापडेना, तर ती आधी होती की नव्हती यावर वाद घालत बसायला वेळ नसतो.

मांडीवर भूल दिली. छेद घेतल्यावर थोडा पू आला, त्याचा नमुना घेतला. पोर्ट सुटा झाला, नळी त्यापासून कापून चिमट्यात धरली. मग सगळ्यांचे डोळे पडद्यावर. काळ्या-करड्या पोटात वेटोळ्यांचा एक छोटा पुंजका आणि त्यात रुतलेलं टोक. डॉक्टरांनी नळीवर ताण दिला आणि तसाच धरून ठेवला. ओढलं नाही. पडद्यावर वेटोळी किंचित ताणली गेली आणि पुन्हा सैल झाली. पुन्हा ताण, पुन्हा थांबणं. काका जागे होते. मी त्यांच्या डोक्याशी होते, त्यांनी विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, "येतंय काका. घाई नाही करत आहोत." पाचव्या की सहाव्या वेळी टोक सुटलं. वेटोळी जागेवर राहिली, त्यांनी राहायचंच होतं, आणि नळी एकेक बोटभर खाली येऊ लागली. महारोहिणीतून खाली, कमरेपाशी, जांघेत.

ती बाहेर आली आणि रक्ताचा एकच ठोका उडाला. डॉक्टरांची बोटं आधीच तिथे होती.

मी नळी मोजली. फाईलमधल्या आकड्याशी जुळली. कुशीचं भोक सापडलं, टोक अखंड होतं. मोठ्याने सांगितलं, लिहून घेतलं. वीस मिनिटांनी डॉक्टरांचे हात भरून आले तेव्हा मी हातमोजे बदलून दाबायला उभी राहिले. रोहिणी दाबायची म्हणजे फार जोराने नाही. खालची नाडी पूर्ण बंद पडता कामा नये, आणि वरून रक्तही झिरपता कामा नये. एक हात जांघेत, दुसऱ्या हाताची दोन बोटं पावलावरच्या फुलीवर. बारीक, पण ठोका लागत होता.

काकांनी मान वळवून ट्रेकडे पाहिलं. स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये पोर्ट पडला होता, शेजारी नळीचं वेटोळं. दीड वर्ष वापरात नसलेला, त्याआधी कित्येक महिने दर आठवड्याला सुया घेतलेला. चकतीवर बारीक टोचांची गर्दी दिसत होती. ते त्याच्याकडे पाहून हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मला वाटलं वेदना होते आहे.

"काय म्हणालात काका?"

"ओत्सुकारेसामा देशिता. तिकडे काम संपवून निघताना एकमेकांना म्हणतात. खूप कष्ट घेतलेत, असं."

मी दाबून धरलेला हात तसाच ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात अजून दहा मिनिटं बाकी होती. मग हळूच एक बोट उचललं, मग दुसरं. गॉज कोरडा होता. पावलावरच्या फुलीखाली नाडी लागत होती.